वाचकांचे प्रश्न : हिमालयातल्या खिंडी आणि सीमावर्ती गावांचे अर्थकारण

भारत आणि चीन यांच्या संबंधांतील चढउतारांवर या सदरात पूर्वी आलेल्या उत्तरांनंतर अनेक वाचकांनी सीमेवरच्या गावांविषयी विचारणा केली. त्यांतील पाच प्रश्न एकाच विषयाचे निरनिराळे भाग असल्यामुळे या वेळी ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : भारत आणि चीन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लिपुलेख (उत्तराखंड), शिपकी ला (हिमाचल प्रदेश) आणि नाथू ला (सिक्कीम) या तीन खिंडींतून होणारा व्यापार पुन्हा सुरू करण्याचे ठरवले. दोन्ही देशांमधला एकूण व्यापार शंभर अब्ज डॉलरांच्या पुढे गेलेला असताना डोंगरातल्या या किरकोळ उलाढालीला इतके महत्त्व कशासाठी? (एक निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : आपली तुलना आकड्यांपुरती बरोबर आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात दोन्ही देशांमधला वस्तुव्यापार सुमारे १२७ अब्ज डॉलरांचा होता आणि खिंडींतून होणारी देवघेव त्या बेरजेत शोधूनही सापडणार नाही. परंतु ती देशाच्या बेरजेत मोजणेच मुळात चुकीचे आहे. लिपुलेखच्या वाटेवरच्या धारचुल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या खोऱ्यांतील घरांना, किन्नौरमधल्या सीमेवरच्या गावांना किंवा पूर्व सिक्कीममधल्या लहान व्यापाऱ्यांना वर्षाच्या चारपाच महिन्यांत जे उत्पन्न मिळते, त्यात या देवघेवीचा वाटा किती, हे पाहावे लागते.

या गावांचे भूगोलाने ठरवून दिलेले जीवन समजून घेतले, तर मुद्दा स्पष्ट होतो. तीन हजार मीटरांच्या वर जमीन थोडी, हंगाम आखूड आणि पीक एकच. केवळ शेतीवर तिथे कुटुंब तगणे कठीण. मात्र खिंडीच्या पलीकडे तिबेटचे पठार होते, जिथे मीठ, लोकर आणि टांकणखार (बोरॅक्स) मुबलक होता आणि धान्य अत्यल्प पिकत होते. अलीकडे कुमाऊँ-गढवालच्या उतारांवर धान्य होते आणि मीठ नव्हते. कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातले शौका आणि दारमा, ब्यांस व चौदांस या खोऱ्यांतले रं समाजाचे लोक या दोन गरजांच्या मध्ये उभे राहिले. उन्हाळ्यात खिंड मोकळी झाली की ते मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्या लादून धान्य, गूळ आणि कापड वर नेत, आणि परतताना मीठ व लोकर आणून थंडीत खालच्या बाजारांत विकत. तिबेटी बाजूला प्रत्येक घराचा ठरलेला व्यापारी असे, त्याला ‘मित्र’ म्हणत, आणि हे नाते बापाकडून मुलाकडे वारशाने जाई. उधारी या नात्यावर चाले. बँकेत काम केलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हे विशेष सांगावेसे वाटते, कारण त्या प्रदेशात पतव्यवस्था होती ती हीच. खिंड बंद होते तेव्हा मालाबरोबर ही पतही बुडते.

टांकणखार आपल्याकडच्या सोनारांनाही लागे, आणि देवळांतल्या चवऱ्या याकच्या शेपटीच्या केसांच्या असत. त्या आपल्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर अशाच एखाद्या खिंडीचा टप्पा असे, हे आता फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी आम्ही उत्तराखंडमधल्या मुन्स्यारीहून पदभ्रमण करत मिलम गावापर्यंत गेलो होतो. कोरीव चौकटींची पडकी घरे रांगेने उभी होती. हे सारे गाव १९६२ च्या युद्धामुळे ओसाड पडले, असे वाटाड्याने सांगितले. एका महिन्याच्या युद्धाने एवढे मोठे गाव संपू शकते का? (एक गिर्यारोहक वाचक)

उत्तर : वाटाड्याचे म्हणणे खरे आहे, पण ते या कथेचा शेवटचा भाग सांगते. मिलम हे जोहार खोऱ्यातील सर्वांत मोठे व्यापारी गाव होते. एकोणिसाव्या शतकात वेष पालटून ल्हासापर्यंत पावले मोजत गेलेले पंडित नैनसिंह रावत याच खोऱ्यातले होते, आणि त्यांना तिबेटी भाषा व तिथली रीत आधीपासून अवगत होती ती या व्यापारामुळेच. असे गाव केवळ गोळीबाराने रिकामे होत नाही. त्याचे उत्पन्न बंद झाले म्हणून ते रिकामे झाले, आणि ते उत्पन्न बंद होण्याची तयारी १९६२ च्या बरीच आधी सुरू झाली होती.

यात १९५४ हे साल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षीच्या २९ एप्रिलला भारत आणि चीन यांनी तिबेटशी होणाऱ्या व्यापाराचा आणि ये-जा करण्याचा करार केला. पंचशील तत्त्वे याच कराराच्या प्रस्तावनेत आली, म्हणून तो सर्वांना आठवतो; परंतु सीमेवरच्या माणसासाठी त्यातली कामाची गोष्ट निराळी होती. शिपकी ला, माणा, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या सहा खिंडींची नावे त्यात व्यापारी आणि यात्रेकरू यांच्या वाटा म्हणून लिहिली गेली, आणि कराराची मुदत आठ वर्षांची ठेवली गेली. शेकडो वर्षे रूढीने चालत आलेली वाट प्रथमच दोन राजधान्यांनी दिलेल्या आठ वर्षांच्या परवानगीवर आली.

त्याच १९५४ च्या डिसेंबरात सिचुआन आणि छिंगहाय या दोन्ही बाजूंनी चीनने बांधलेले मोटाररस्ते ल्हासापर्यंत पोहोचले. त्याआधीची तीनचार वर्षे तिबेटमधल्या चिनी सैन्याला धान्य पुरवणे चीनला इतके अवघड होते, की काही धान्य भारतातून, उत्तर बंगालमधल्या कालिम्पोंगच्या वाटेने आणावे लागले. चांदीच्या नाण्यांत रोख पैसे मिळत असल्यामुळे कालिम्पोंगच्या व्यापाऱ्यांसाठी तो भरभराटीचा काळ ठरला. या भरभराटीचे मूळही राजकारणातच होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अमेरिकेने १९५० च्या अखेरीस चीनविरुद्ध व्यापारबंदी लादली तेव्हा तिबेटी लोकरही चिनी माल ठरली, तिचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि कालिम्पोंगच्या गोदामांत गठ्ठे पडून राहिले. पुढे चीननेच चढ्या भावाने ही लोकर घेतली, कारण तिबेटी व्यापाऱ्यांना आपल्या बाजूने वळवणे त्याला आवश्यक वाटत होते. म्हणजे हजारो मैलांवरच्या एका निर्णयाने बाजार बसला आणि शेजारच्या दुसऱ्या निर्णयाने तो उठला. त्यात लोकर कातरणाऱ्याचा किंवा खेचरे हाकणाऱ्याचा काही हात नव्हता.

रस्ते पूर्ण झाल्यावर तिबेटची धान्याची आणि कापडाची गरज हळूहळू पूर्वेकडून भागू लागली. १९५७ मध्ये अक्साई चीनमधून जाणारा शिनजियांग-तिबेट रस्ता तयार झाला आणि पश्चिम तिबेटही, जो तोवर लडाख, किन्नौर आणि कुमाऊँच्या व्यापाऱ्यांवर अवलंबून होता, चीनच्या आतल्या भागाशी जोडला गेला. या रस्त्याकडे आपण सीमावादाचे कारण म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याने एका बाजारपेठेचे तोंडही फिरवले. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, तिबेटमध्ये निर्बंध वाढले आणि जुने ‘मित्र’ दिसेनासे झाले. जून १९६२ मध्ये कराराची मुदत संपली तेव्हा तो कोणीही पुढे वाढवला नाही. युद्ध त्यानंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये झाले. युद्धाने दार बंद केले खरे, परंतु दारातून जाणारी वर्दळ त्याआधीच विरळ झाली होती.

त्यानंतर जोहारचे लोक मुन्स्यारीत आणि त्याहून खालच्या गावांत स्थिरावले, मेंढ्या विकल्या गेल्या. उत्तरकाशीच्या नेलांग आणि जादुंग या गावांतल्या लोकांना तर १९६२ मध्येच तिथून हलवून हरसिलजवळच्या बगोरीत वसावे लागले. १९६७ मध्ये शौका, रं वगैरे ज्यात मोडतात त्या भोटिया समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश झाला आणि शिक्षण व सरकारी नोकरी हा पुढचा मार्ग खुला झाला. या समाजातून पुढे अनेक अधिकारी, शिक्षक आणि डॉक्टर घडले. ही गोष्ट आनंदाची आहे, मात्र त्यामुळेच मिलमच्या घरांकडे परतणारे कोणी उरले नाही, हेही तितकेच खरे आहे.

प्रश्न : सीमेवरच्या तणावामुळे त्या भागात रस्ते, पूल, बोगदे आणि विमानतळ झाले. सैन्याची खरेदीही मोठी असते. मग शेजारी देशाशी बिघडलेले संबंध तिथल्या लोकांना आर्थिकदृष्ट्या फायद्याचेच ठरले, असे म्हणता येणार नाही का? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक वाचक)

उत्तर : असे म्हणण्याला आधार आहे, आणि परीक्षेतल्या उत्तरात तो लिहायलाच हवा. श्रीनगर-लेह मार्ग, २०१९ मध्ये पूर्ण झालेला दारबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा २५५ किलोमीटरचा रस्ता, २०२० मध्ये खुला झालेला ९ किलोमीटरचा अटल बोगदा, या सर्वांमागची निकड प्रामुख्याने लष्करी होती. आजारी माणसाला त्याच रस्त्याने दवाखान्यात नेता येते आणि जर्दाळूही त्याच रस्त्याने बाजारात जातो. लेहमध्ये १९६२ नंतर उभ्या राहिलेल्या संरक्षण संशोधन केंद्राने थंड वाळवंटात भाजी पिकवण्याच्या पद्धती विकसित केल्या आणि आज लडाखमधल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था सैन्याला ताजी भाजी पुरवतात. हमालीची, खेचरांची, बांधकामाची मजुरी मिळते, आणि लडाख स्काउट्ससारख्या पलटणीतली नोकरी मानाची समजली जाते.

तरीही या अर्थव्यवस्थेची आतली घडण बदलली, याकडे माझे लक्ष अधिक जाते. लेह हे एके काळी चौफेर वाटांचे गाव होते. काराकोरम खिंडीतून, म्हणजे साडेपाच हजार मीटरांवरून, शिनजियांगमधल्या यारकंदचे तांडे येत. पूर्वेकडून ल्हासाचा माल येई, पश्चिमेकडून काश्मीरचा आणि दक्षिणेकडून कुल्लूचा. १९४७-४८ च्या युद्धात बाल्टिस्तानातल्या स्कार्दूची वाट तुटली, १९४९ नंतर यारकंदची बंद झाली आणि त्यानंतर तिबेटची. चार दिशांना गिऱ्हाईक असलेल्या गावाला शेवटी दिल्लीकडे जाणारी एकच दिशा उरली आणि सरकार हे एकच मोठे गिऱ्हाईक राहिले. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुले झाले तेव्हा दुसरे गिऱ्हाईक आले, पण तेही सीमेवरच्या शांततेवरच अवलंबून असते. एकाच खरेदीदारावर विसंबलेल्या शेतकऱ्याची जी स्थिती होते, तीच अशा प्रदेशाची होते: भाव बरा मिळतो, पण तो ठरवण्यात त्याचा सहभाग नसतो, आणि खरेदीदाराची गरज बदलली की त्याच्या हाती दुसरा मार्ग नसतो. स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ मिळू लागल्यावर जवाचे वाफे पडीक राहू लागले, तरुण मुले नोकरीसाठी शहरात राहिली, आणि गावात म्हातारी माणसे उरली.

सरकारलाही आता ही अडचण जाणवलेली दिसते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ या कार्यक्रमासाठी ४,८०० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि त्यात उत्तर सीमेवरची २,९६७ गावे निवडली गेली. सीमेवर वस्ती टिकावी, हा त्याचा उद्देश आहे. चीननेही आपल्या बाजूला नव्या वसाहती बांधल्या आहेत. दोन्हीकडे गाव हे सीमेवरच्या हक्काचा पुरावा मानले जाऊ लागले आहे, आणि माणसांनी तिथे कशावर जगावे हा प्रश्न त्या पुराव्याच्या मागे राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : पश्मिना महाग होण्याचा सीमेशी काही संबंध आहे का? (एक विणकाम शिक्षिका)

उत्तर : आपण विचारलेत तितका सरळ नाही, पण संबंध फार जुना आणि खोल आहे. पश्म, म्हणजे बकरीच्या अंगावरची आतली मऊ लव, हिच्यासाठी राज्यांमध्ये करार झाले आहेत. लडाख आणि तिबेट यांच्यातल्या १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने पश्चिम तिबेटची पश्म लडाखकडेच यावी आणि लडाखने ती काश्मीरला पुरवावी, अशी बांधून दिलेली व्यवस्था झाली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या छायेतल्या रामपूर बुशहर संस्थानाकडे ती पश्म वळू लागली, आणि ती पुन्हा आपल्या हाती घेणे हा डोगरा सेनापती जोरावरसिंह यांच्या १८४१ मधील तिबेट मोहिमेमागचा एक हेतू होता. मोहीम फसली, ते मारले गेले, परंतु १८४२ च्या तहात जुना व्यापार पूर्ववत चालू ठेवण्याचे कलम दोन्ही पक्षांनी मान्य केले. लढाई करणाऱ्यांनाही हा व्यापार थांबवणे परवडणारे नव्हते.

आज लडाखच्या चांगथांग पठारावरचे चांगपा पशुपालक वर्षाला सुमारे पन्नास टन कच्ची पश्म देतात. पूर्वी तिबेटमधून येणारी पश्म १९६२ नंतर थांबली, त्यामुळे लडाखच्या स्वतःच्या कळपांचे महत्त्व वाढले. त्याच काळात तिबेटमधून आलेले निर्वासित आपले कळप घेऊन त्याच कुरणांवर राहिले, आणि पलीकडची काही हिवाळी कुरणे हातची गेली. गवत तेवढेच किंवा कमी, तोंडे मात्र अधिक.

हिवाळी कुरण याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. बकऱ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात. तेव्हा थंडी उणे तीस अंशांच्या आसपास असू शकते आणि आईला चारा मिळाला नाही तर तिला दूध येत नाही. बर्फ कमी साठणारी, वाऱ्यापासून आडोशाची कुरणे त्या आठदहा आठवड्यांसाठीच राखून ठेवलेली असतात आणि त्यांतली बरीच नेमकी प्रत्यक्ष नियंत्रण रेषेच्या जवळ आहेत. जून २०२० मध्ये पूर्व लडाखमधल्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत वीस भारतीय जवान हुतात्मा झाले; त्यानंतर दोन्ही सैन्यांना दूर ठेवण्यासाठी काही ठिकाणी मधले पट्टे राखले गेले, जिथे कोणीही गस्त घालायची नाही. सैन्याच्या दृष्टीने संघर्ष टाळण्याचा तो विचारपूर्वक काढलेला मार्ग होता. पण अशा पट्ट्यात पशुपालकाची वहिवाटीची जमीन आली, की त्याच्यासाठी तो एक हंगाम नव्हे तर कळपाची पुढची पिढी गमावण्याचा प्रसंग असतो. ऑक्टोबर २०२४ च्या समझोत्यानंतर देपसांग आणि देमचोक भागांत गस्तीबरोबर चराईही पूर्वीसारखी होईल, असे भारताच्या परराष्ट्र सचिवांनी जाहीर केले. ‘चराई’ हा शब्द इतक्या वरच्या पातळीवरच्या घोषणेत आला, याचे मोल चांगथांगमध्ये कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. विणताना हातात येणाऱ्या धाग्यामागे हे सारे आहे. किमतीवर मात्र यंत्रावरचा माल, भेसळ आणि मधल्या व्यापाऱ्यांची साखळी यांचा परिणाम अधिक होतो.

प्रश्न : लिपुलेखबाबत नेपाळची हरकत कशासाठी आहे, आणि व्यापार सुरू झालाच तर जुने दिवस परत येतील का? (एक प्राध्यापक)

उत्तर : पहिला भाग थोडक्यात सांगतो. १८१६ च्या सुगौलीच्या तहाने काली नदी ही सीमा ठरली. नदीचा उगम कोणता मानायचा यावर भारत आणि नेपाळ यांचे मतभेद आहेत. भारताने मे २०२० मध्ये धारचुला-लिपुलेख रस्त्याचे उद्घाटन केल्यावर नेपाळने लिपुलेखचा प्रदेश आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला, आणि २०२५ च्या निर्णयावरही त्याने आक्षेप नोंदवला. कालीच्या काठावरच्या भारतातल्या धारचुला आणि नेपाळमधल्या दार्चुला या दोन गावांचे लोक मात्र झुलत्या पुलावरून रोज एकमेकांकडे जातात, त्यांच्यात सोयरीकही होते.

दुसऱ्या भागाचे उत्तर, माझ्या मते, नाही असे आहे, आणि तरीही व्यापार सुरू व्हायला हवा. आपल्यासमोर अनुभव आहे. लिपुलेखमधून १९९२ मध्ये, शिपकी लामधून त्यानंतर दोनेक वर्षांत आणि नाथू लामधून ६ जुलै २००६ रोजी, चव्वेचाळीस वर्षांनी, व्यापार पुन्हा सुरू झाला. नाथू लाकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात भारतातून नेण्यासाठी २९ आणि तिबेटमधून आणण्यासाठी १५ वस्तूंची यादी ठरली, आणि आणावयाच्या वस्तूंत याकच्या शेपट्या, याकचे केस, टांकणखार, मीठ, कच्चे रेशीम, घोडे आणि मेंढ्या यांचा समावेश होता. ही यादी १९५० च्या दशकातल्या गरजांची होती. आयोडीनयुक्त मीठ प्रत्येक वाण्याकडे मिळत असताना तिबेटी मीठ कोण आणणार? २०१२ मध्ये काही वस्तू वाढवल्या गेल्या, पण लोकांना प्रत्यक्षात हव्या असलेल्या मालाचा बराच भाग यादीबाहेरच राहिला. उलाढाल लहान राहिली, तरी परवाना घेतलेल्या स्थानिक व्यापाऱ्यांना, वाहनचालकांना आणि हमालांना हंगामाचा आधार मिळाला. २०१७ मध्ये भूतानजवळच्या डोकलाममध्ये भारत आणि चीन यांची सैन्ये समोरासमोर ठाकली तेव्हा नाथू लामार्गे होणारी कैलास-मानसरोवर यात्रा थांबली. २०२० मध्ये महामारी आणि गलवान एकापाठोपाठ आले, आणि तीनही वाटा बंद झाल्या. धारचुल्याच्या काही व्यापाऱ्यांचा २०१९ च्या हंगामातला माल पलीकडे तिबेटमधल्या तकलाकोट या बाजारगावाच्या गोदामांतच अडकून राहिला.

म्हणून मला वाटते की या लोकांना खिंड उघडी असण्याइतकीच तिच्या उघडेपणाची खात्री हवी आहे. तिबेटी बाजू आता बदलली आहे. तकलाकोटजवळ विमानतळ झाला आहे, तिथे चीनच्या आतल्या भागातून सर्व काही येते, आणि कुमाऊँचे धान्य तिथे कोणाला जगण्यासाठी लागत नाही. गूळ, मिसरी, सुपारी, कापड, मसाले आणि हस्तकलेच्या वस्तू यांना मागणी राहू शकते, यात्रेकरूंची सोय करून उत्पन्न मिळू शकते. पण यासाठी नव्याने भांडवल घालणाऱ्या माणसाला पुढच्या पाचसात वर्षांचा अंदाज लागला पाहिजे. वस्तूंची यादी स्थानिक व्यापाऱ्यांशी बोलून ठरावी, अडकलेल्या मालाची जबाबदारी कोणाची हे करारातच लिहिलेले असावे, आणि तणावाच्या काळातही परवानाधारक व्यापाऱ्याला आपला माल परत आणण्याची ठरावीक मुदत मिळावी, एवढे झाले तरी पुष्कळ होईल.

लिपुलेखचा हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर असतो. त्यासाठी माल, वाहने आणि मजूर यांची जुळवाजुळव मार्च-एप्रिलमध्ये करावी लागते, उधारीही तेव्हाच घ्यावी लागते. २०२५ चा निर्णय जाहीर झाला तो ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा त्या वर्षीच्या हंगामाचे अडीच महिने संपलेले होते.